पुन्हा तीच गाडी हवी आहे? आधी आरसी, मग पत्रा, मग इंजिन

पहिल्या पगाराच्या जोरावर घेतलेली आणि पुढे लग्न, घराचं कर्ज किंवा परदेशातली नोकरी अशा कारणाने विकलेली गाडी चाळिशी-पन्नाशीत पुन्हा आठवू लागते. खराडी, चंदननगर, वाघोली पट्ट्यातल्या वाचकांकडून हे वारंवार ऐकू येतं. आता हातात चार पैसे आहेत, मुलं मोठी झाली आहेत, रोज ऑफिसला जायला दुसरी गाडी आहे. हवी असते ती रविवारी सकाळी बाहेर काढायला एखादी जुनी, चपळ गाडी. त्यानंतरचे प्रश्न मात्र तेच तेच असतात. 15 वर्षं उलटलेली गाडी घेता येते का? आरसी संपली असेल तर? दिल्लीची गाडी निम्म्या किमतीत मिळते, ती घ्यावी का? पार्ट मिळतील का?

आपल्याकडे खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणाव्यात अशा गाड्या फारच थोड्या बनल्या. गोव्यातल्या सॅन मोटर्सची दोन सीटची सॅन स्टॉर्म ही त्यातली एक. बाकी ज्यांच्यावर लोकांचा जीव जडला त्या घरगुती गाड्यांच्याच वेगवान आवृत्त्या होत्या: फियाट पॅलिओ 1.6 जीटीएक्स, होंडा सिटी 1.5 व्हीटेक, फियाट लिनिया टी-जेट, अबार्थ पुंतो. त्याआधीच्या पिढीची स्टँडर्ड हेराल्ड आणि कॉन्टेसा. खराडीकरांना यातली अबार्थ पुंतो तर आपल्या गावचीच वाटावी. 145 बीएचपीची ही गाडी नगर रस्त्यावरच्या रांजणगाव इथल्या कारखान्यात तयार झाली. पुढचं मार्गदर्शन या सगळ्या गाड्यांना लागू पडतं.

तीच गाडी हवी की तसलीच दुसरी चालेल?

पहिला निर्णय हा. सचिन तेंडुलकरने 2020 मध्ये एका मुलाखतीत आपली पहिली गाडी, मारुती 800, परत हवी असल्याचं सांगितलं आणि ती कोणाकडे असेल तर संपर्क साधावा असं जाहीर आवाहन केलं. याच सचिनने फेरारी 360 मोडेना 2011 मध्ये सुरतच्या एका उद्योजकाला विकली होती. परत मागावीशी वाटली ती मारुती. ओढ आणि किंमत यांचा संबंध नसतो तो असा. म्हणूनच बाजारात निघण्याआधी आपल्याला नेमकं काय हवं आहे ते ठरवा.

तुमचीच विकलेली गाडी शोधायची असेल तर या क्रमाने जा:

1. जुना नंबर शोधून काढा. विम्याची पॉलिसी, पीयूसी, सर्व्हिसची बिलं, बँकेचे कर्जाचे कागद, अल्बममधला एखादा फोटो, यांपैकी कुठेतरी तो सापडतो.
2. एम-परिवहन ॲपवर किंवा परिवहन पोर्टलवर तो नंबर टाका. गाडी कोणत्या आरटीओकडे आहे, नोंदणी कधीपर्यंत वैध आहे, विमा चालू आहे का, हे दिसतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं.
3. नोंदणीची स्थिती नीट वाचा. नोंदणी रद्द झाली असेल किंवा गाडी भंगारात गेली असेल तर शोध तिथेच थांबवा.
4. मालकाचा पत्ता एजंटला पैसे देऊन काढू नका. ती दुसऱ्याची खासगी माहिती आहे. ज्याला गाडी विकली तो माणूस, तेव्हाचा मेकॅनिक, त्या मॉडेलच्या मालकांचे ग्रुप, अशा ठिकाणी आपला नंबर देऊन ठेवा. ज्याला विकायची असेल तो स्वतःहून फोन करेल.
5. मालक भेटलाच तर आपली ओढ पहिल्या भेटीत दाखवू नका. तुम्ही हळवे आहात हे कळलं की किंमत लगेच चढते.

या शोधात एक अनपेक्षित गोष्ट समोर येऊ शकते: दहा वर्षांपूर्वी विकलेली गाडी अजून तुमच्याच नावावर असल्याची! सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या निकालात स्पष्ट केलं आहे की, गाडी प्रत्यक्षात कोणाच्याही ताब्यात असो, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक मानला जाईल आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येईल. असं आढळलं तर नवी गाडी शोधणं बाजूला ठेवा. विक्रीचे जे काही कागद असतील ते घेऊन आधी आरटीओत लेखी कळवा आणि पोच घ्या.

नेमकी तीच गाडी नको, तसली चालेल, असं ठरलं तर निवड वाढते आणि घासाघीस करता येते. बहुतेकांसाठी हाच मार्ग शहाणपणाचा आहे.

15 वर्षं झाली की भंगार, हा गैरसमज

महाराष्ट्रात खासगी गाडीला वयामुळे सरसकट बंदी नाही. नोंदणी 15 वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडी आरटीओच्या तपासणीत पास झाली की ती 5-5 वर्षांसाठी वाढवता येते. दिल्ली परिसरात 10 वर्षांपुढच्या डिझेल आणि 15 वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, त्या बातम्यांवरून इकडे घबराट पसरली. वयानुसार हिशेब असा मांडा:

- 15 वर्षांच्या आतली गाडी: उदाहरणार्थ, 2015 ची अबार्थ पुंतो. नेहमीची मालकी बदलण्याची प्रक्रिया पुरते.
- 15 ते 20 वर्षं: नोंदणी नूतनीकरण हवं. 1 एप्रिल 2022 पासून भारतीय बनावटीच्या मोटारीचं शुल्क 5,000 रुपये आहे. त्याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो.
- 20 ते 50 वर्षं: 2025 च्या दुरुस्तीनंतर हेच शुल्क 10,000 रुपये झालं. आयात केलेल्या मोटारीला ते 80,000 रुपये आहे. पॅलिओ जीटीएक्स, जुनी सिटी व्हीटेक, सॅन स्टॉर्म, कॉन्टेसा या गाड्या या गटात येतात.
- 50 वर्षांपुढे: 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार मूळ रूपात राहिलेली, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढच्या नोंदणीला 5,000 रुपये. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

विंटेज नोंदणीत एक मेख आहे. अशी गाडी प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्याच कामांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला परवानगी नाही. हेराल्ड घेऊन दर रविवारी भटकायचं असेल आणि तिची साधी नोंदणी जिवंत असेल, तर विंटेजची घाई करू नका.

मुदत संपल्यावर नूतनीकरणाला उशीर झाला तर खासगी मोटारीला दर महिन्याला 500 रुपये जादा पडतात. आठ वर्षं गोडाऊनमध्ये उभ्या असलेल्या गाडीची ही रक्कम मोठी होते. ती कोण भरणार, हे सौद्यातच ठरवा. शिवाय 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या प्रत्येक गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवणं राज्यात सक्तीचं आहे. मोटारीसाठी तिचं शुल्क 745 रुपये अधिक जीएसटी आहे.

गाडी निवडताना पार्टचा विचार आधी

इंजिनाचे पार्ट बहुधा कुठून ना कुठून मिळतात. काच, दिवे, बंपर, दाराचे रबर आणि डॅशबोर्ड मिळत नाहीत. म्हणून गाडी पूर्ण असणं हे ती चालू असण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

- अबार्थ पुंतो, लिनिया टी-जेट: बॉडीचे बरेच पार्ट साध्या पुंतो आणि लिनियाशी जुळतात, त्यामुळे अजून जमतं. टर्बो आणि खास सस्पेंशनचे पार्ट महाग. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर गाडी घेतल्या घेतल्या बदला.
- पॅलिओ 1.6 जीटीएक्स: सुमारे 100 बीएचपीचं इंजिन आजही मजा आणतं. सचिनची सही असलेली एस-10 ही मर्यादित आवृत्ती म्हणून कोणी जादा किंमत मागत असेल, तर ती मूळची एस-10 आहे हे कागदावरून पटवून घ्या. स्टिकर कुठेही छापून मिळतात.
- होंडा सिटी 1.5 व्हीटेक: 106 बीएचपी, दणकट इंजिन, काम येणारे मेकॅनिक भरपूर. पहिलीच जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी यातली सर्वांत सोपी निवड. अडचण एकच, मूळ अवस्थेत राहिलेल्या गाड्या कमी आहेत. बऱ्याच जणांनी त्यांत मनसोक्त फेरफार केले.
- सॅन स्टॉर्म: बॉडी फायबरग्लासची, म्हणून वरून गंज नाही, पण तडे, कच्चे जोड आणि खालच्या लोखंडी भागाचा गंज पाहा. इंजिन रेनोचं, 1,149 सीसी. बॉडीचा भाग तुटला तर फायबरचं काम करणाऱ्याकडून घडवूनच घ्यावा लागतो.
- स्टँडर्ड हेराल्ड: चेसिस वेगळी आणि बॉडीचे भाग बोल्टने जोडलेले, त्यामुळे खोलून काम करणं सोपं. इथे चेसिसच कुजली असेल तर सौदा सोडा.
- कॉन्टेसा: इसुझू इंजिनाची 1.8 जीएलएक्स पाहा. गाडी लांब आहे. आपल्या पार्किंगची मापं आधी घ्या.

पुण्यात नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं आणि मंगळवार पेठेतला जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, या ठिकाणी गाडी घेण्याआधीच एक फेरी मारा. हव्या असलेल्या मॉडेलचे पाच पार्ट लिहून न्या: पुढची काच, हेडलाइट, क्लच प्लेट, रेडिएटर, दाराचं रबर. पाचांपैकी किती मिळतात यावरून पुढची दहा वर्षं कशी जातील याचा अंदाज येईल.

परदेशी स्पोर्ट्स कारचा मोह

वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती साधारणपणे 3 वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि आयात शुल्क गाडीच्या किमतीच्या वर जातं. विंटेज गाड्यांचे आयात नियम वेगळे आहेत. सचिनला भेट मिळालेल्या फेरारीवरच्या एक कोटीहून अधिक रुपयांच्या सीमाशुल्काचा वाद देशभर गाजला आणि अखेर ती रक्कम फियाटने भरली. आपल्यामागे फियाट नसते! इथे आधीच आलेली परदेशी गाडी घेताना सीमाशुल्क भरल्याचे मूळ आयात कागद मागा. पर्यटक ‘कार्ने’वर आणतात ती गाडी ठरलेल्या मुदतीत देशाबाहेर परत जायला हवी. तशी गाडी कोणी विकत असेल तर ती जप्त होऊ शकते आणि दिलेले पैसेही बुडतात.

कागद: इथे अडलं तर पुढे जाऊ नका

गाडी पाहायला जाण्याआधी विकणाऱ्याकडून एवढं मागवून घ्या:

- मूळ आरसी किंवा स्मार्ट कार्ड. ‘हरवली आहे, नंतर काढून देतो’ या उत्तरावर ‘आधी काढा, मग बोलू’ एवढंच सांगा. दुसरी प्रत मालकालाच फॉर्म 26 वर काढता येते.
- चेसिस आणि इंजिन नंबर. आरसीवरचे, पोर्टलवरचे आणि गाडीवर ठोकलेले, तिन्ही एकच हवेत. चेसिसची पेन्सिल प्रिंट स्वतः घ्या. अंक खरवडलेले किंवा नव्याने ठोकलेले वाटले तर निघा.
- कर्जाचा बोजा. 20 वर्षांपूर्वी फिटलेलं कर्जही आरसीवर तसंच राहिलेलं असतं. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 विकणाऱ्यानेच आणायचा.
- ई-चलनं. गाडीच्या नंबरावरची थकलेली सगळी चलनं व्यवहाराआधी भरून घ्या.
- मालकाचं निधन झालं असेल तर वारसाने फॉर्म 31 वर गाडी आपल्या नावावर करून घेतलेली असावी. वडिलांच्या नावावरची गाडी मुलगा परस्पर विकतो, तो व्यवहार पुढे अडतो. तुमच्याच वाड्यात वडिलांची गाडी उभी असेल तर तुम्हालाही हीच पायरी आधी चढायची आहे.
- दिल्लीची किंवा परराज्यातली गाडी असेल तर त्या आरटीओची एनओसी, फॉर्म 28. दिल्लीत कितीतरी जुन्या गाड्यांची नोंदणी आधीच रद्द झालेली आहे. नोंदणी जिवंत असल्याचं आणि पुण्याच्या नावाने एनओसी निघाल्याचं पोर्टलवर दिसेपर्यंत एक रुपयाही देऊ नका. इथला कर वेगळा भरावा लागेल, तो किमतीत धरा. निम्म्या किमतीची गाडी मग निम्म्यात पडत नाही.

ज्या गाडीची आरसीच नाही, ती घरात ठेवायला घ्या किंवा पार्टसाठी घ्या. रस्त्यावर आणण्यासाठी घेऊ नका.

गाडी पाहताना

आपल्या मेकॅनिकला आणि डेंटिंगवाल्याला, दोघांनाही बरोबर न्या. मेकॅनिक इंजिनावर खूश होतो, डेंटिंगवाला पत्रा ओळखतो. जुन्या गाडीत दुसरं मत जास्त मोलाचं.

1. वेळ सकाळची घ्या, इंजिन थंड हवं. आधीच गरम करून ठेवलं असेल तर कारण विचारा. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर आणि कमी होणारं कूलंट म्हणजे हेड गॅस्केटची शंका.
2. पत्रा चुंबकाने तपासा. फडक्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि दारांखालच्या पट्टीवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. सॅन स्टॉर्मला ही युक्ती अर्थातच चालत नाही.
3. गालिचा उचला. पायाखालचा पत्रा, डिकीत स्टेपनीची जागा, बॅटरीखालचा ट्रे पाहा. मुंबई, कोकण, गोव्यातल्या गाड्यांना खाऱ्या हवेने गंज लवकर धरतो. पुणे, नगर, सोलापूरकडची कोरडी गाडी थोडी महाग पडली तरी परवडते.
4. पुरातली गाडी ओळखा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाची रेघ, सीटखालच्या रुळांवर गंज, डॅशबोर्डमागे माती दिसली की प्रकरण स्पष्ट आहे.
5. टायरवरचे चार अंक वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली तरी जुने, कडक झालेले टायर बदलायचेच, हा खर्च किमतीतून वजा करा.
6. कॉम्प्रेशन तपासा. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एक जरी बराच खाली असला तर हेड उतरवायची तयारी ठेवा.
7. ट्रायल दोन ठिकाणी घ्या. खराडी बायपासच्या गर्दीत अर्धा तास, म्हणजे रेडिएटर आणि पंखा काय करतात ते कळेल. मग हडपसरमार्गे दिवे घाट, म्हणजे क्लच, गिअर आणि ब्रेकचा खरा कस लागेल.

पैशांचा हिशेब

रवी शास्त्रींना 1985 मध्ये मेलबर्नला मिळालेली ऑडी 100 मुंबईतल्या सुपर कार क्लब गॅरेजने 2022 मध्ये पुन्हा नव्यासारखी करून दिली. पैसा, जागा, कारागीर सगळं हाताशी असूनही त्या कामाला आठेक महिने लागले. आपल्या गल्लीतला गॅरेजवाला ‘दोन महिन्यांत देतो’ म्हणाला तर मनात सहा धरा.

- गाडीच्या किमतीइतकीच रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी ठेवा. ती नसेल तर किंमत खाली आणा, म्हणजे वेगळी, स्वस्त गाडी पाहा.
- ‘थोडं काम आहे’ असं सांगितलेली स्वस्त गाडी आणि तयार असलेली महाग गाडी यांत तयार गाडी घ्या. पत्रा, रंग, वायरिंग आणि आतलं कापडकाम मिळून जो खर्च होतो, तो विकताना कधीही वसूल होत नाही.
- गॅरेजला काम देताना कामांची यादी, अंदाजे खर्च आणि मुदत लिहून घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. उतरवलेले जुने पार्ट परत मागा आणि दर आठवड्याला फोटो मागवा.
- सगळी गाडी एकदम खोलू देऊ नका. आधी ब्रेक, स्टिअरिंग, टायर, मग कूलिंग आणि वायरिंग, त्यानंतर इंजिन, रंग सर्वांत शेवटी. अर्धवट खोललेल्या गाड्या वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात.

नावावर करण्याच्या पायऱ्या

1. विक्रीचा करार करा. तारीख आणि गाडी ताब्यात घेतल्याची वेळ लिहा. त्या वेळेनंतरच्या चलनांची आणि अपघाताची जबाबदारी कोणाची, हे त्यावरून ठरतं.
2. फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30 वर सह्या घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका, घेऊही नका.
3. विकणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहारात 14 दिवसांत, परराज्यातल्या व्यवहारात 45 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. घेणाऱ्याला 30 दिवसांची मुदत आहे. अर्ज परिवहन पोर्टलवर करा. खराडी एमएच-12 च्या हद्दीत येते, मुख्य कार्यालय संगम पुलाजवळ आहे. गाडीची तपासणी कुठे होणार ते अपॉइंटमेंटच्या पावतीवर पाहून जा.
4. परराज्यातली गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची असेल तर फॉर्म 27 वर इथला नवा नंबर घ्यावा लागतो. जुन्या नंबराशीच तुमची आठवण जोडलेली असेल तर हे आधीच माहीत असू द्या.
5. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करा. त्रयस्थ पक्षाचं संरक्षण गाडीबरोबर येतं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई मात्र कंपनीने नाव बदलल्याशिवाय मिळत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.
6. 5 वर्षांपुढच्या गाडीचं विमामूल्य कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. फोटो, बिलं आणि दुरुस्तीच्या नोंदी दाखवून ते वाजवी करून घ्या. नाहीतर चोरीनंतर हातात भंगाराची किंमत पडेल.

फेरफार करताना

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की, गाडी कारखान्यातून जशी निघाली त्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी हवी. रंग बदलला तर आरसीवर नोंद हवी. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, बाहेर आलेली चाकं, बॉडीची कापाकापी यांमुळे दंड होतो, विम्याचा दावा अडतो आणि पुढच्या नूतनीकरणात गाडी नापास होऊ शकते. आधीच्या मालकाने केलेले बदलही आता तुमच्या गळ्यात आहेत, हे घेताना लक्षात असू द्या.

खराडीत सांभाळायची तर

- पार्किंग: दुसऱ्या-तिसऱ्या गाडीला जागा मिळेल का, हे सोसायटीकडून लेखी घ्या. कोड्यासारखी सरकणारी यांत्रिक पार्किंग असेल तर लांबी, वजन आणि खालची उंची मोजा. बुटक्या गाडीचं पोट तळघराच्या उतारावर घासतं.
- पेट्रोल: पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे रबर खराब करतं, ओलावाही ओढून घेतं. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवा, फिल्टर लवकर बदला आणि महिनोन् महिने भरलेल्या टाकीने गाडी उभी ठेवू नका. फार जुन्या इंजिनांना आणखी एक काम लागू शकतं: देशात शिसेयुक्त पेट्रोल 2000 मध्ये बंद झालं, त्यामुळे हेड उतरवलं असेल तर कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या.
- वापर: आठवड्यातून एकदा जागेवर रेस देऊन बंद करण्याने नुकसानच होतं. पंधरवड्यातून एकदा इंजिन पूर्ण गरम होईल इतकी, वीस-पंचवीस किलोमीटर, गाडी फिरवा. रविवारी सकाळी वाघोलीच्या पुढे नगर रस्ता त्यासाठी पुरेसा मोकळा असतो.
- पावसाळा आणि उंदीर: हवा खेळणारं कापडी कव्हर वापरा, प्लास्टिकखाली ओल धरते. तळघरातले उंदीर वायरिंग कुरतडतात. बॉनेट दर आठवड्याला उघडून पाहा.

फसवणूक झाली तर तुमचे हक्क

1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि गाडी ताब्यात घेतल्याची माहिती पोर्टलवर द्यावी लागते. ते अधिकारपत्र मागून पाहा. अशा विक्रेत्याने मीटर मागे फिरवलं, अपघात लपवला किंवा कागद दिले नाहीत, तर ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही ग्राहक आहात. गॅरेजने पैसे घेऊन काम केलं नाही, तिथेही हाच कायदा लागू होतो.

- आधी लेखी नोटीस द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा.
- तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 50 लाखांपर्यंत दिलेल्या रकमेचे व्यवहार तिथे चालतात, तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते आणि 5 लाखांपर्यंत शुल्क नाही.
- एका व्यक्तीने दुसऱ्याला गाडी विकली असेल तर ग्राहक आयोग सहसा उपयोगी पडत नाही. खोटे कागद, चोरीची गाडी असेल तर पोलीस ठाणे, बाकीसाठी दिवाणी न्यायालय. त्या वेळी करार आणि बँकेतून दिलेले पैसे हाच पुरावा. रोखीचा आग्रह धरणाऱ्याशी व्यवहार करू नका.

शेवटचा निर्णय

पार्किंग पक्कं नसेल, पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीचे पैसे बाजूला नसतील किंवा घरातल्यांना विचारलेलं नसेल, तर सध्या थांबा. अशा गाड्या महागतात, पण इतक्या झपाट्याने नाही की सहा महिन्यांत हातातून जाव्यात. तीन गोष्टी एकत्र जुळल्या की मात्र मागेपुढे पाहू नका: जिवंत नोंदणी, कोरडा पत्रा आणि त्या मॉडेलवर हात बसलेला मेकॅनिक. इंजिन पुन्हा बांधता येतं, कुजलेला पत्रा आणि मेलेली आरसी यांना उपाय नाही. तोपर्यंत आज रात्री एवढंच करा, पूर्वी विकलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर एम-परिवहनवर टाका आणि ती अजून तुमच्याच नावावर नाही ना, ते पाहून घ्या.